माग थांबवून सांगितलेली गोष्ट

पडद्यावर तीनचा आकडा उमटला, आणि डॉक्टर माणगावे यांच्या चेहऱ्यावरून सुटकेची एक पुसट छटा सरकून गेली. उन्मेषने ती पाहिली. त्याहून वाईट म्हणजे तशीच छटा आपल्याही चेहऱ्यावर आली असावी, हे त्याला जाणवले.

"दहापैकी तीन," डॉक्टर म्हणाल्या. "म्हणजे हा ठाम नकार नाही. आजी थकल्यात, कंटाळल्यात, एवढंच. इतके दिवस तोंडाला मुखवटा बांधून पडलं की कुणालाही घरी जावंसं वाटणार."

काचेपलीकडे आई पडली होती. नाकातोंडावर पारदर्शक मुखवटा होता आणि त्याला जोडलेले यंत्र तिच्या छातीत हवा ढकलत होते. इचलकरंजीच्या मागांवर उडणारी कापसाची धूळ तिने अर्धे आयुष्य श्वासाबरोबर आत घेतली होती. आता तिच्या फुफ्फुसांत तिची स्वतःची म्हणावी अशी जागाच उरली नव्हती. मुखवट्याचा उपयोगही संपत आला होता. यापुढे दोनच वाटा होत्या. गळ्याला छेद देऊन कायमची नळी बसवायची, म्हणजे ती याच इमारतीत यंत्राला बांधलेली, न बोलता, वर्षभर किंवा त्याहूनही अधिक जगेल. नाहीतर मुखवटा काढून तिला घरी न्यायचे, म्हणजे थोडेच दिवस.

सकाळी डॉक्टरांनी तिलाच विचारले होते. त्या समजावून सांगत असताना आईने हाताचा तळवा उचलून त्यांना थांबवले होते. सारे गप्प झाल्यावर, मुखवट्याच्या आतून, ऐकू येईल न येईल अशा आवाजात ती म्हणाली होती,

"नळी नको वाटते जरा. घरी न्या."

त्या वाक्याला 'तरतम'ने तीन अंश दिले होते.

तरतम आले तेव्हा लोकांनी त्याला खेळणे समजून हातात घेतले होते. त्यामागची मूळ कल्पना साधी होती, आणि साध्या कल्पनांना असते तशी थोडी उदासही होती. शब्द वापराने झिजतात. 'भयंकर' म्हणजे एके काळी भय उपजवणारे. मग भयंकर गोड आंबे आले, भयंकर सुंदर साड्या आल्या, आणि त्या शब्दातले भय उडून गेले. मग 'जाम' आले, 'तुफान' आले, दर पिढीने आपल्यासाठी नवा शब्द काढला आणि म्हातारी होईपर्यंत तो बोथट करून टाकला. त्यातच प्रत्येकाची पट्टी वेगळी. ज्या ताकाला एक जण आंबटढाण म्हणतो, त्यालाच दुसरा 'किंचित आंबूस आहे' म्हणतो. डॉक्टरने 'किती दुखतंय?' विचारले की कुणी खरचटल्यावर 'मेलो मेलो' करते आणि कुणी मोडलेले हाड घेऊन 'थोडं ठणकतंय' म्हणते. शब्द ऐकून आतले माप कळावे कसे?

तरतम शब्दांवर विसंबत नसे. माणसाच्या फोनमध्ये वर्षानुवर्षे साठलेल्या बोलण्यावरून ते आधी त्या एका माणसाची नेहमीची पातळी ठरवी. मग आवाज त्या पातळीहून किती वर चढला, कोणत्या शब्दावर भार पडला, दोन शब्दांमधली फट किती आक्रसली, मनगटावरच्या पट्टीने नाडीचे ठोके किती मोजले, हे सारे ताडून ते तीव्रतेचा अंश सांगे. आजाऱ्याच्या अपुऱ्या श्वासाची आणि म्हाताऱ्याच्या थकव्याची त्यात वजावट होई. भावना चढते तेव्हा आवाजही चढतो, या एकाच गृहीतकावर हा डोलारा उभा होता. ते गृहीतक कोट्यवधी माणसांवर तपासून पाहिले होते आणि ते खरे निघाले होते. पुढे ते यंत्र दवाखान्यांत आले, न्यायालयांत आले. मग कायदाच झाला: जीव वाचवणारा उपचार कुणी नाकारला, तर तो नकार किमान सात अंशांचा हवा; कमी भरला तर उपचार करायचाच. क्षणिक वैतागापायी कुणाचे प्राण जाऊ नयेत, असा त्यामागचा दयाळू हेतू होता.

उन्मेष दिवटे पुण्याला याच यंत्राच्या कचेरीत आवाजांच्या नोंदी तपासण्याचे काम करीत असे, आणि त्याला ते यंत्र मनापासून प्रिय होते. तो लहानपणापासून हळू बोलणारा. वर्गात त्याचे बरोबर आलेले उत्तर शेजारच्या बाकावरून मोठ्याने दिले जाई आणि शाबासकी तिकडे जाई. नोकरीच्या मुलाखतीत तो खाली मान घालून, पण स्वतःच्या नेहमीच्या पातळीहून किंचित चढून, "मला हे काम आवडेल" एवढेच म्हणाला होता. समोरच्या पडद्यावर नऊ आले, आणि मुलाखत घेणाऱ्या बाई हातातले पेन खाली ठेवून त्याच्याकडे बघत राहिल्या होत्या. आयुष्यात प्रथमच आपले बोलणे कुणीतरी त्याच्या खऱ्या वजनासह उचलून घेतले, असे त्याला त्या दिवशी वाटले होते.

आणि आज तेच यंत्र चुकत होते. हे त्या खोलीत फक्त त्याला कळत होते. निदान त्याची तशी समजूत होती.

त्यांच्या घराच्या मागच्या अंगाला पत्र्याच्या छपराखाली आठ यंत्रमाग होते. ते चालू झाले की भिंतीवरची भांडी थरथरत. त्या खडखडाटात बोलायचे म्हणजे ओरडायचेच. जेवायला चला, दार ओढून घे, सूत तुटले बघ, आज परीक्षा ना रे, नीट जा. माया, राग, थट्टा, सारे एकाच पट्टीत ओरडून. पुण्याला आल्यावरही आईचा फोन आला की "जेवलास काऽऽ?" ही आरोळी शेजारच्या खोलीपर्यंत जाई आणि तिथली मुले आतूनच "जेवलो काकू!" असे उत्तर देत. त्या घरात ओरडण्याला वजनच नव्हते. ते हवेसारखे होते. वजन होते ते थांबण्याला. खरोखर काही सांगायचे असले, तर आई कळ ओढून माग थांबवी. एक, मग दुसरा, मग सगळे. थांबल्या जागी कापडाला पट्टा पडला तरी पडो. मग त्या कान सुन्न करणाऱ्या शांततेत ती जवळ येई आणि अगदी हळू, शब्द जमतील तेवढे लहान करून बोले. आणि एकदाच बोले. पुन्हा सांगितले की पहिले सांगणे हलके होते, असे ती मानी. त्या गल्लीतल्या साऱ्या मागवाल्या घरांची हीच रीत होती, आणि रीत म्हणून ती कुणी कधी बोलूनही दाखवली नव्हती.

उन्मेष नववीत असताना एका दुपारी आठही माग थांबले. आई उंबऱ्याशी आली. "आबांना जरा बरं नाही," ती म्हणाली. "शेजारच्या काकांना बोलावून आण." आबा, त्याचे वडील, तेव्हा गेलेले होते. त्या एका 'जरा'त काय काय मावू शकते, हे त्याला त्या दिवशी कळले ते कायमचे.

आता ते माग भंगारात गेले होते. आताचे नवे माग आवाज न करता विणतात. त्यांच्या शेजारी उभे राहून कानगोष्ट करता येते. गल्ली पांगली होती. उलटी वाचायची असते अशी एक पट्टी जगात आहे, हे जाणणारी माणसे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरली होती, आणि इतक्या थोड्या माणसांसाठी कोणतेही यंत्र आपले गृहीतक बदलत नाही.

आईने तळवा उचलून डॉक्टरांना थांबवले होते. माग थांबवले होते तिने. ते तीन नव्हते. दहा होते.

उन्मेषने तोंड उघडले. मग त्याच्या मनात आले, की आपण काही बोललो नाही, तर आई राहील. मुकी, बांधलेली, पण राहील. सुट्टीच्या दिवशी पुण्याहून गाडी पकडली, की तिचा हात हातात घेता येईल. त्याने तोंड मिटले.

"बघ, तिला जगायचंय," बाहेरच्या बाकावरून उठत प्रणोती म्हणाली. प्रणोती त्याची थोरली बहीण, मिरजेच्या शाळेत शिक्षिका. तिचा आवाज न चढवताही शेवटच्या बाकापर्यंत पोचे. तिने घरून आणलेला डबा अजून तसाच बांधलेला होता. "मी म्हणतच होते. मशीनला बरोबर कळतं. तूच म्हणायचास ना, 'ताई, आमचं मशीन खोटं ऐकत नाही'?"

"हो," उन्मेष म्हणाला.

दुपारी भेटीच्या वेळेत तो एकटाच आत गेला. मुखवट्याच्या घरघरीत बोलणे ऐकू येत नव्हते. पण मागाच्या घरातल्या माणसांना ऐकू येण्याची गरज नसते. खडखडाटात समोरच्याचे ओठ वाचायला ती चालायच्या आधी शिकतात. आईने पारदर्शक मुखवट्याआड ओठ हलवले.

"किती मार्क दिले?"

"तीन."

"दहात?"

"हं."

ती हसली. मुखवट्यावर वाफ धरली आणि विरली. "सहावीत तुला गणितात तीन पडलेले. पंचवीसात."

"आई, आता हे कशाला?"

"आबा मास्तरांना म्हणाले, पोरगं हुशार हाय, पेपरच लांबट होता."

त्याला हसू आले आणि त्याच हसण्याने डोळे भरून आले. त्याने पलंगाचा कठडा घट्ट धरला. "आई, तू त्यांना परत एकदा सांग. मोठ्यानं सांग. यंत्राला कळेल असं."

"ओरडू?"

"हो. थोडं."

तिने मान हलवली, लहान मुलाने भलताच हट्ट धरावा तशी. "ओरडून सांगितलं की ते भांडण होतं रे. मला कुणाशी भांडायचं नाही." ती दमली. दोन श्वास यंत्राने तिच्यासाठी घेतले. "मी सांगितलंय."

"त्यांना नाही कळलं."

"तुला कळलं न्हवं?"

सलाईनच्या नळीतून एक थेंब सुटला, मग दुसरा. उन्मेष त्या थेंबांकडे पाहत राहिला. आईने थोडा वेळ वाट पाहिली. मग तिने आपणहून नजर दुसरीकडे वळवली, अडचणीत सापडलेल्या पाहुण्याला यजमानाने सावरून घ्यावे तशी, आणि ओठ हलवले.

"घाई नाही. आधी जेवून घे जा. प्रणोतीनं डबा आणलाय."

कायद्यात एक पळवाट नव्हे, पण एक खिडकी होती. रुग्णाच्या बोलण्याची खरी तीव्रता यंत्राला समजली नाही, असे त्याच्या जवळच्या माणसाला वाटले, तर त्याने साक्ष द्यावी. मात्र त्या साक्षीचेही माप घेतले जाई. साक्षीदाराची खात्री सात अंशांहून कमी भरली, तर साक्ष फेटाळली जाई. दोन संधी मिळत.

तळमजल्यावरच्या छोट्या खोलीत बेडकिहाळ नावाचे एक प्रौढ गृहस्थ साक्षी नोंदवून घेत. त्यांनी उन्मेषला खुर्ची दाखवली, चष्मा पुसला आणि सरावाने म्हणाले, "हे बघा, घाबरायचं काही नाही. कारण सांगत बसू नका, यंत्राला कारणं समजत नाहीत. फक्त जे आहे ते बोला. मनापासून."

उन्मेषने डोळे मिटले. त्याच्या आत सारे थांबले. त्या शांततेत तो अगदी हळू म्हणाला, "माझ्या आईला ही नळी नको आहे."

बेडकिहाळांनी पडद्याकडे पाहिले, मग त्याच्याकडे. "चार," ते म्हणाले. त्यांच्या बोलण्यात दोष देण्याचा सूर नव्हता. "साहेब, तुमची स्वतःचीच खात्री नाही, असं दिसतंय."

तो जिन्याच्या पायरीवर येऊन बसला. यंत्र पुन्हा चुकले, असे म्हणणे सोपे होते. तोही त्याच घरात वाढला होता. जे सर्वांत खरे, ते सर्वांत हळू, हे त्याच्याही हाडांत मुरले होते. पण ते चार अंश मागाच्या घरातले होते, की आई राहावी म्हणून आत दडून बसलेल्या चोराचे होते, हे त्यालाच सांगता आले नसते. स्वतःच्या मनाचे माप घ्यायला माणसाला स्वतःबाहेरचे काहीतरी लागते. आणि बाहेरचे जे होते, त्याने चार म्हटले होते.

प्रणोती त्याला शोधत खाली आली. तिला साक्षीचे कळले होते.

"कुणाला विचारून गेलास तू?" तिचा आवाज जिनाभर घुमला. "मी काय मेले होते वर? दोघांची आई ना ती? का तुझी एकट्याची?"

"ताई, ती नको म्हणाली."

"ती 'जरा' म्हणाली! 'वाटते' म्हणाली! सगळ्यांनी ऐकलं. मशीननं ऐकलं."

"ताई."

"काय ताई ताई? तू पुण्याला बसणार, फोनवरून विचारणार, आई कशी आहे. रोज संध्याकाळी मिरजेहून गाडी पकडून मी येणार. मी येईन, बाबा! वर्षभर येईन, दोन वर्षं येईन. तुला काय त्रास आहे?"

"आबांचं जरा," तो म्हणाला, "आठवतं का तुला?"

प्रणोती थांबली. जिन्यावरून एक आया रिकामी बादली घेऊन गेली.  मग प्रणोती त्याच्या शेजारी पायरीवर बसली आणि पदराचे टोक बोटाला गुंडाळू लागली.

"साताऱ्याचं स्थळ आठवतं?" तिने विचारले. "पत्रिका छापायला गेल्या होत्या माझ्या. हिनं माग थांबवले. म्हणाली, मुलगा जरा पटत नाही मला. एवढंच. मी दोन दिवस रडले, आणि तिसऱ्या दिवशी मीच फोन करून मोडलं." ती हसल्यासारखी झाली. "तुला काय वाटलं, उन्म्या, तुलाच एकट्याला ऐकू येतं? मी तुझ्या आधी जन्मले त्या घरात. सकाळी तिनं हात वर केला ना, तेव्हाच मी समजले."

"मग?"

"मग काय. देवासारखं मशीन धावून आलं. तीन म्हणालं. म्हटलं, चला, आपल्याला ऐकू आलं नाही." ती त्याच्याकडे वळली. आता तिच्या आवाजात शिक्षिका नव्हती. "तुलाही ऐकू आलं नाही असं समज ना. एवढं कर. कुणाचं काय बिघडतंय? मला आई पाहिजे रे. मुकी तर मुकी. मला कुणालातरी आई म्हणायचंय."

 मग त्याने विचारले, "ताई, साक्ष तू देतेस? तुझा आवाज चढतो. यंत्राला तुझं कळेल."

"नाही," ती म्हणाली. "मला नाही जमणार. आणि तू गेलास तर मी तुला अडवणारही नाही. पण माझ्याकडून एवढं मागू नकोस."

ती उठली आणि वर गेली. तिच्या चपलांचा आवाज मजल्यामागून मजला दूर होत गेला.

उन्मेषला मोह झाला. नुसते बसून राहायचे होते. काही करायचे नव्हते. उद्याचा दिवस आपोआप उजाडला असता, नळी आपोआप बसली असती, आणि चूक कुणाचीच नसती. चूक एका गृहीतकाची असती. इतकी स्वच्छ, इतकी निर्दोष चूक आयुष्यात पुन्हा कधी मिळणार नव्हती. पण आईने विचारले होते, तुला कळलं न्हवं? आणि त्याने उत्तर द्यायच्या आत तिने नजर वळवली होती. तिने त्याला खोटे बोलण्यापासून वाचवले होते. ते वाचवणे त्याला सहन होईना.

तो पुन्हा त्या खोलीत गेला. बेडकिहाळ डबा उघडून बसले होते. त्यांनी तो झाकला. "ही शेवटची संधी," ते म्हणाले. "पाणी घेता?"

"नको."

तो उभाच राहिला. त्याने वाक्य मनात जुळवले आणि ते आपल्या नेहमीच्या आवाजापेक्षा वर नेण्याचा यत्न केला. पण ते वाक्य वर चढेना. ओरडण्याइतके बळ त्या वाक्यात नव्हतेच. ते शांत होते, आईसारखे. बळ होते ते दुसरीकडे. ते त्याच्या पोटात, छातीत, घशात तुंबून राहिले होते आणि ते एकच म्हणत होते, मला आई पाहिजे. नळी लावा, काहीही करा, पण तिला नेऊ नका. तीस वर्षांत न चढलेला सारा आवाज तिथे साठला होता.

त्याने तो बांध मोकळा केला, आणि त्या लोंढ्यावर ते दुसरे वाक्य ठेवून दिले.

"नकोय तिला!" तो ओरडला. खोलीची काच हादरली. "माझ्या आईला नकोय ती नळी! ऐकू येतं का? नकोच आहे! घरी जायचंय तिला! जाऊ द्या! जाऊ द्या माझ्या आईला!"

बाहेर कुणाच्या हातून काहीतरी खाली पडले. बेडकिहाळ उभे राहिले होते. उन्मेष भिंतीला टेकला. 

"नऊ," बेडकिहाळ हलकेच म्हणाले. मग त्यांनी पाण्याचा पेला त्याच्यापुढे सरकवला. "माझ्या खोलीत इतकी खात्री मी फार थोड्या वेळा पाहिली आहे, साहेब."

उन्मेष पाणी प्यायला नाही. नऊ कुणाचे होते, हे फक्त त्याला माहीत होते. यंत्राला जोर कळला होता. तो जोर कोणत्या बाजूला ओढत होता, हे त्याला कळायचे काही कारण नव्हते. आईला धरून ठेवण्याची त्याची सारी ताकद यंत्राने मोजली, आणि तिच्याच बळावर आईला सोडून देण्याची परवानगी दिली. सही करताना त्याचे नाव कागदावर वेडेवाकडे उमटले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुखवटा काढला. आईच्या नाकावर आणि गालांवर त्याच्या पट्ट्यांचे व्रण खोल उमटले होते. प्राणवायूची बारीक नळी नाकाशी लावून तिला गाडीत चढवले. डॉक्टर माणगावे दारापर्यंत आल्या. त्यांनी आईचा हात हातात घेतला. आई त्यांना म्हणाली, "येते हं, बाई." प्रणोती पुढे चालकाशेजारी बसली आणि इचलकरंजी येईपर्यंत तिने मागे वळून पाहिले नाही. आरशात उन्मेषला तिचा फक्त एक कान आणि कानामागे ओढलेले, विस्कटलेले केस दिसत होते.

घरी पुढच्या खोलीत खाट घातली होती. शेजारच्या काकू झाडून, दारात पाणी शिंपडून गेल्या होत्या. आईने खिडकीतून बाहेर पाहिले, मागच्या रिकाम्या खोलीच्या दाराकडे पाहिले, मग छपराकडे. श्वास तोकडा होता, पण तो तिचा होता.

"चहा टाकू का?" उन्मेषने विचारले. शब्द फाटून बाहेर आले.

आईने मान वळवली. "घशाला काय झालं?"

"काही नाही."

"काही नाही कसं? बसलाय पार." ती त्याच्याकडे पाहत राहिली. बघता बघता तिच्या चेहऱ्यावर काहीतरी उमगत गेले. कोण ओरडले, कशासाठी ओरडले, आणि आपण घरी कसे आलो, हे सारे तिने त्या घोगऱ्या आवाजातून वाचले असावे. तिचा हात खाटेवरून उचलला गेला, त्याच्या गळ्यापर्यंत पोचला आणि तिथे थोडा वेळ, अगदी अलगद, टेकून राहिला. ती रडली नाही. शाबास म्हणाली नाही. "मिठाच्या पाण्यानं गुळण्या कर," ती म्हणाली. "आत्ताच्या आत्ता. नाहीतर चिघळेल."

स्वयंपाकघरात भांडे वाजले. कालपासून त्याच्याशी एक शब्दही न बोललेली प्रणोती आत गेली होती. गॅस पेटल्याचा आवाज आला. मग ती पेला घेऊन बाहेर आली, फडक्यात धरून, कारण पाणी कढत होते. तिने तो त्याच्यापुढे धरला. तिचे डोळे सुजलेले होते.

"घे," ती म्हणाली. "मीठ जास्त पडलंय."

तो मागच्या दारी, नळाजवळच्या दगडावर उभा राहिला. ऊन कलले होते. कुणाच्या तरी गच्चीवर वाळत घातलेले कपडे वाऱ्याने फुगत होते. त्याने तोंडात पाणी घेतले, मान मागे टाकली, आणि खारट, कढत पाणी घशाच्या फाटलेल्या जागी झोंबले.

"नीट कर," आतून आईचा आवाज आला. अर्ध्या श्वासात बोललेले, तुटक. "नुसतं खुळखुळू नकोस."

त्याला हो म्हणायचे होते. तोंड पाण्याने भरले होते. त्याने मान तशीच आभाळाकडे ठेवली आणि गुळणी चालू ठेवली, जितका वेळ जमेल तितका वेळ. कारण तो आवाज आत ऐकू जात होता, आणि ती ऐकत होती.